‘आपण काम काय करता?’ : कारखान्यातील डॉक्टर आणि आपण

निदानपंचकात हेतूस आपण अग्रस्थान देतो. तथापि रुग्ण दिवसाचे आठ-दहा तास जेथे घालवितो, तेथील हेतू आपल्या रुग्णपत्रकात क्वचितच उतरतो. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला व रुग्णास त्याचा व्यवसाय विचारण्याचा आग्रह धरला. औद्योगिक आरोग्यशास्त्र आजही याच प्रश्नावर उभे आहे.

कारखान्यातील डॉक्टर केवळ मलमपट्टीसाठी नसतो. कामगारास रुजू होण्यापूर्वी व नंतर ठरावीक काळाने तपासणे, श्रवणशक्ती व फुप्फुसांची क्षमता मागील नोंदींशी ताडून पाहणे, यंत्रांजवळ फिरून धूळ, वाफा व गोंगाट यांचा उगम शोधणे आणि व्यवस्थापनास लेखी सूचना देणे, हे त्याचे खरे कार्य होय. मुखपट्टी वाटण्याआधी धूळ उगमापाशीच रोखावी, हा त्यातील क्रम. आपल्या परिभाषेत हे समूहाचे निदानपरिवर्जनच आहे.

भोपाळच्या १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेतील कामगारांची नियतकालिक तपासणी बंधनकारक झाली. या कामासाठी एम.बी.बी.एस. पदवीधरांकरिता ‘असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ’ हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत तो शिकविला जातो.

हा अभ्यासक्रम आपल्या पदवीधरांसाठी नाही. परंतु लहान कारखान्यातील कामगार अनेकदा प्रथम आपल्याच चिकित्सालयाची पायरी चढतो. बॅटरीच्या कारखान्यातील कामगारास वारंवार उदरशूल, मलावष्टंभ व पांडुता असेल, तर रक्तातील शिशाचे प्रमाण तपासून घेणे अगत्याचे आहे. व्यवसाय न विचारता अशा रुग्णास नागभस्मयुक्त कल्प देणे म्हणजे हेतूतच भर घालणे होय. दगडखाणीतील कामगाराचा चिरकारी कास-श्वास दिसताच छातीचे क्ष-किरणचित्र काढण्यास पाठवावे.

औषधनिर्मात्या बंधूंनी तर हा प्रश्न स्वतःच्या निर्माणशाळेतच विचारावा. चूर्णकक्षातील धूळ, भल्लातकाचे तेल, हरताळाचे मर्दन आणि साध्या तापमानातही पारदातून निघणारी वाफ यांच्या सान्निध्यात आपलेच कामगार असतात. तेथे वायुशोषक यंत्रणा, प्रशिक्षित डॉक्टरांकडून नियमित तपासणी आणि पारद हाताळणाऱ्यांच्या मूत्रातील पाऱ्याचे मापन यांची तरतूद असावयास हवी. जनतेच्या आरोग्यासाठी औषध घडविणाऱ्या हातांचे आरोग्य राखणे, हे निर्मात्याचे पहिले कर्तव्य होय.