परसातल्या झाडांचे स्वभाव



उसाचे बेणे, लागणीचा हंगाम, खताची मात्रा याविषयी आपण नेहमी वाचतो व बोलतो. यावेळी विषय जरा लहान, पण रोजच्या जेवणाशी संबंध असलेला घेतला आहे. घरामागचा परस, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा दुधीचा वेल, कोपऱ्यातली पपई आणि बांधावरची मोसंबीची दोन झाडे, एवढाच हा पसारा. शेतात दहा एकर ऊस उभा असलेल्या घरात आठवड्याच्या बाजारातून पावशेर भेंडी विकत आणावी लागते, हे काही भूषण नव्हे. परसात थोडे लक्ष घातले तर घरची भाजी होते आणि मनालाही विरंगुळा मिळतो. मात्र प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा आहे. तो ओळखला नाही तर कष्ट वाया जातात, आणि काही वेळा त्याहून मोठे नुकसान होते.

फुलं लई, फळ नाही

"डांगराला फुलं लई यायलीत, पण फळ काही धरंना," ही तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. मग कोणी म्हणतो वेल वांझ निघाला, कोणी म्हणतो नजर लागली. खरे कारण साधे आहे. भोपळा, दुधी, दोडका, काकडी, कारले या वेलांवर नर फूल वेगळे व मादी फूल वेगळे असते. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात. ती एक दिवस उमलतात व गळतात. त्यात वेलाचा काही दोष नाही. मादी फूल ओळखणे सोपे आहे. फुलाच्या मागे देठाशी बोटाएवढे इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. नर फुलाचा देठ नुसता सरळ असतो. ऊन कडक असेल, किंवा युरिया जास्त पडून वेल माजला असेल, तर नर फुले वाढतात व मादी कमी होतात.

मादी फुले येऊनही बारके फळ पिवळे पडून गळत असेल, तर परागकण पोचत नाहीत असे समजावे. हे काम मधमाश्यांचे. आजूबाजूच्या पिकावर विषारी औषधांचे फवारे सुरू असले की माश्या कमी होतात आणि त्याचा भुर्दंड परसातल्या वेलाला बसतो. अशा वेळी नुकते उमललेले नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात, आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवावा. घरातली लहान मुले हे काम आवडीने करतात आणि "हे माझं डांगर" म्हणून रोज जाऊन पाहतात.

वेळ मात्र पाळावी लागते. डांगर, काकडी, कारले यांची फुले सकाळी उमलतात. डांगराचे फूल ऊन चढले की मिटते. दुधी व दोडक्याचे फूल संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास उघडते. दुधीची पांढरी फुले रात्रीच्या पतंगांसाठी असतात. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते, तसाच हा प्रकार. म्हणून दुधीवर सकाळी नऊ वाजता हात फिरवून उपयोग नाही, आणि डांगरावर संध्याकाळी.

कर्टुली व पपई यांचे आणखी निराळे. तिथे झाडच नर किंवा मादी असते. कर्टुल्याच्या दहा मादी वेलांमागे एक तरी नर वेल हवा. "नुसता फुलतो, फळ देत नाही" म्हणून तो उपटून टाकला तर बाकीचे वेलही रिकामे राहतात. पपईच्या देशी बियांत नर-मादी झाडाशिवाय कळत नाही, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुलोऱ्यावर निवड करायची पद्धत आहे.

कडू दुधी हसण्यावारी नेऊ नये

दुधी, काकडी यांच्या कुळात कडूपणाचा अंश मुळातच असतो. रानटी भोपळे कडूजहर असतात, कारण जनावराने फळ खाऊ नये ही त्या वेलाची स्वतःची राखण आहे. मिरजेचे तंबोरे ज्या भोपळ्याचे होतात, तोही या दुधीचाच भाऊबंद. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोडे वेल निवडून त्यांचे बी राखले, म्हणून आपला दुधी खाण्यालायक झाला. परंतु शेजारी कडू भोपळ्याचा वेल असेल तर त्याचे पराग आपल्या वेलावर येतात. गंमत अशी की त्या वर्षी फळ गोडच लागते. संकर होतो तो आतल्या बीमध्ये. ते बी पुढच्या वर्षी लावले की वेल कडू निघतो, आणि आपण म्हणतो, "घरचंच बी होतं, मग असं कसं झालं?" पाण्याचा खंड व कडक ऊन यांनीही कडूपणा वाढतो.

हा कडूपणा म्हणजे विष आहे. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली व तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सांगणे थोडक्यात असे: रस काढण्यापूर्वी दुधीची बारीक फोड जिभेवर ठेवून पाहावी. कडू लागली तर संपूर्ण फळ फेकून द्यावे. शिजवल्याने किंवा मीठ-साखर घातल्याने हे विष जात नाही. यावर उतारा असे औषध नाही. कडू दुधी खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. सुनेने केलेली भाजी वाया जाऊ नये म्हणून मुकाट्याने खाणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मोसंबीचा ताण आणि उसाचा तुरा

आपल्या जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या झाडाचा स्वभाव असा की सतत खायला-प्यायला मिळाले तर ते पालाच वाढवीत राहते. आंबे बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडले की वाढ थांबते, पानांनी केलेले अन्न फांद्यांत साठते, आणि मग पाणी मिळताच झाड फुलांनी भरून जाते. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत ताण बसतो. साधारण पाव हिस्सा पाने पिवळी पडून गळाली की ताण पुरे झाला. मग खत देऊन पहिले आंबवणीचे पाणी हलके द्यावे, पुढे चिंबवणी, आणि नंतर नेहमीच्या पाळ्या.

पण ताण वेगळा आणि तहान वेगळी. ताण म्हणजे विहिरीत पाणी असताना आपण होऊन हात आखडणे. विहिरीत पाणीच नसेल तर तो ताण नव्हे, झाडाचे मरण आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या किती बागा वाळल्या, टँकरचे पाणी घालूनही किती झाडे सरपणाला गेली, हे सभासदांना वेगळे सांगायला नको. फुले धरल्यावर उन्हाळा निभेल एवढे पाणी आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर त्या वर्षी बहाराचा लोभ सोडावा व आच्छादन करून झाड जगवावे.

ऊसही फुलतो, पण त्याचे घड्याळ पाण्याचे नसून दिवस-रात्रीचे आहे. श्रावण-भाद्रपदात दिवस लहान होऊ लागला की ज्या उसाला कांड्या सुटल्या आहेत त्याच्या पोटात तुऱ्याची तयारी सुरू होते, आणि दिवाळीच्या पुढे-मागे तुरा बाहेर दिसतो. तुरा आला की शेंड्याची वाढ संपली. महिना-दीड महिन्यात तोड झाली तर फारसे बिघडत नाही. पुढे मात्र पांगशा फुटतात, कांडी पोकळ पडते व वजन घटते. म्हणून तुऱ्याच्या प्लॉटची माहिती गट ऑफिसला वेळेवर द्यावी.

आपल्याला नको असलेला हाच तुरा दुसरीकडे सोन्यासारखा जपला जातो. कोईमतूरला ऊस चांगला फुलतो व बी धरतो, म्हणून तेथे १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र निघाले. गोड उसाचा रानटी कांस गवताशी संकर करून 'को २०५' ही जात तेथेच तयार झाली व १९१८ मध्ये शेतकऱ्यांकडे गेली. उसाच्या जातींच्या नावातले 'को' ते हेच कोईमतूर. बियापासून उगवलेले उसाचे प्रत्येक रोप निराळे निघते. आपण बी न लावता डोळ्याची टिपरी लावतो, म्हणूनच जात जशीच्या तशी राहते.

उसाचे औषध, परसाला घात

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी आपण 'टू-फोर-डी' वापरतो. झाडाच्या अंगात वाढ घडवून आणणारा जो रस असतो, त्याची ही नक्कल आहे. ऊस गवताच्या कुळातला असल्याने शिफारशीच्या मात्रेत तो निभावून नेतो. रुंद पानांच्या झाडाची वाढ मात्र वेडीवाकडी होते व ते मरते. परंतु वांगी, टोमॅटो, मिरची, दुधी, कपाशी हीसुद्धा रुंद पानांचीच! वाऱ्यावर आलेला थोडासा तुषार किंवा पंपात राहिलेले थोडे औषध एवढेही त्यांना पुरते. पाने अरुंद होऊन शिरा ताणल्यासारख्या दिसल्या, शेंडे पिळवटले, की हे रोग म्हणून त्यावर दुसरे औषध मारण्यात अर्थ नाही. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा, त्यावर रंगाने खूण करावी. वारा असताना व भर उन्हात फवारू नये. घराच्या व शेजाऱ्याच्या कपाशीच्या बाजूचे चार सरे हाताने खुरपून घ्यावेत. खुरपणीची मजुरी वाचवताना शेजाऱ्याचे पीक जाऊ नये, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

परसाला फार पाणी लागत नाही. न्हाणीचे पाणी एका चराने आळ्यात सोडले तरी दोन वेल, एक शेवगा, एक कढीपत्ता व पपई सहज निभते. आपल्या परसातल्या झाडाची काही चमत्कारिक वागणूक दिसली असेल तर दोन ओळी लिहून आपल्या गटाच्या स्लिपबॉयजवळ द्याव्यात. विशेषतः भगिनींनी कळवावे, कारण परसाचा खरा अभ्यास त्यांचाच आहे.