‘भामटा’ ही शिवी की जात? १८७१ च्या कायद्याचा शिक्का आजच्या पोरांवर कसा राहिला?

मराठीत कुणाला ‘भामटा’ म्हटलं की अर्थ सरळ असतो: फसवणारा, लुबाडणारा. पण महाराष्ट्र सरकारची विमुक्त जातींची यादी उघडली, तर त्यात ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ अशी दोन नावं सापडतात. म्हणजे आपण चिडून मित्राला जे म्हणतो, तेच एखाद्या पोराच्या जातीच्या दाखल्यावर सही-शिक्क्यासकट लिहिलेलं असतं.

शाळेत नाव घालताना, कॉलेजचा फॉर्म भरताना, नोकरीच्या पडताळणीत हा दाखला त्याला पुढे करावाच लागतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते तो लहानपणापासून बघत आलेला असतो.

हे सुरू कुठून झालं, ते आधी समजून घेऊ.

जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ आणला. त्यामागचा तर्क असा होता की सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार. म्हणजे गुन्हा माणूस करत नाही, तो घराण्यातूनच येतो.

आधी उत्तर भारतात लागू झालेल्या या कायद्याची व्याप्ती १९११ च्या नव्या कायद्याने देशभर वाढली. यादीत नाव आलेल्या जमातीतल्या लोकांची पोलिसांकडे नोंद व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागायची आणि गाव सोडायचं तर पास लागायचा. मुलांना आईवडिलांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची तरतूदही पुढे त्यात आली.

काही ठिकाणी तर या लोकांसाठी कुंपणाच्या आत वेगळ्या वसाहती केल्या गेल्या. सोलापुरात तशी मोठी वसाहत होती. शहरातल्या त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात.

यातल्या अनेक जमातींचं पोट फिरण्यावर होतं. बंजारा बैलांच्या तांड्यावरून मीठ आणि धान्य वाहायचे. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. पारधी शिकारीवर जगायचे. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही बंद झाली. ना जमीन, ना गाव, आणि पोट भरायचं जुनं साधनही गेलं.

कायदा गेला, मग शिक्का का नाही गेला?

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात आणि हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो.

पण त्याच सुमारास राज्याराज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. कागदावर फरक मोठा होता. आता शिक्का जन्मावरून बसणार नव्हता, त्या व्यक्तीला झालेल्या शिक्षांवरून बसणार होता. पण पोलिसांची आणि गावाची नजर काही गॅझेट काढून बदलत नाही. चोरी झाली की आधी पालावर जायचं, ही सवय तशीच राहिली.

आता यात वाढणाऱ्या पोराचा विचार करा. आजोबा हजेरीला जायचे. वडिलांना संशयावरून उचललेलं त्याने स्वतः पाहिलंय. स्वतः काहीही न करता आपण संशयित आहोत, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीच कळलेलं असतं.

पुरावा आणायचा कुठून?

विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. शाळेचा दाखला, जन्मनोंद, जमिनीचा उतारा असं काहीतरी. पण ज्यांचे आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यांनी काय दाखवायचं?

ज्या सरकारने त्यांच्या बोटांचे ठसे जपून ठेवले, त्याच्याकडे त्यांच्या जन्माची नोंद मात्र नाही. दाखला नाही म्हणून सवलत नाही आणि सवलत नाही म्हणून शिक्षण सुटतं, असं अनेकांचं होतं.

नाव लपवायचं की लिहायचं?

मग त्याच्यापुढे साधारण दोन रस्ते उरतात. एक म्हणजे लपवणं. शहरात खोली बघताना आडनाव टाळायचं, गावाचं नाव सांगायचं पण वस्तीचं नाही. कुणी भित्रेपणा म्हणेल, पण ज्याला घरभाडं आणि नोकरी दोन्ही हवंय, त्याला हा हिशोब करावाच लागतो.

दुसरा रस्ता म्हणजे तेच नाव उघडपणे घेणं. लक्ष्मण माने यांनी कैकाडी समाजातल्या आपल्या आयुष्यावर ‘उपरा’ लिहिलं. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आत्मकथन लिहिलं आणि त्याचं नावच ‘उचल्या’ ठेवलं. ज्या शब्दाने समाजाला हिणवलं जायचं, तो त्यांनी मुखपृष्ठावर छापला. १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अहमदाबादच्या छारानगरात तरुणांनी ‘बुधन थिएटर’ उभं केलं. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये पोलीस कोठडीत मरण पावलेल्या बुधन सबर यांच्यावरून त्याचं नाव पडलं.

आज काय स्थिती आहे?

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगाच्या नियमावल्यांत जातीवरून कामं वाटणारे आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार धरणारे नियम घटनाबाह्य ठरले. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं. म्हणजे कायदा रद्द होऊन ७२ वर्षं झाली, तरी त्याची भाषा नियमांत शिल्लक होती.

आणि हे फक्त पोलीस-कोर्टाचं प्रकरण नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यांचा गुन्हा काय होता? मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सॲपवर पसरली होती आणि ही माणसं अनोळखी होती, एवढंच.

फिरणारा माणूस म्हणजे चोर, हे गृहीतक १८७१ मध्ये कायद्यात होतं. राईनपाड्यात तेच मोबाईलवरून पोहोचलं. म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक जमातीची टोळी गावात शिरली आहे’ असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा: त्यात कुणी काय केलंय ते लिहिलंय, की फक्त कोण आहे ते?