गवताळ प्रदेश, बारामती-इंदापूर परिसरातील
पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या माळरानांवरील अर्धशुष्क तृणप्रदेश. जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर सदाहरित व निमसदाहरित वने आढळतात. तेथून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. पर्जन्यछायेतील या दोन तालुक्यांत तो वर्षाला सु. ५० सेंमी.च्या आसपास व अनिश्चित असतो. अल्प पाऊस आणि उथळ, मुरमाड जमीन यांमुळे येथे गवत हेच प्रमुख नैसर्गिक आच्छादन आहे. झाडांची विरळता हे येथे ऱ्हासाचे लक्षण नव्हे. म्हणूनच डोंगरी वनांच्या संवर्धनाचे उपाय या प्रदेशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा ही येथील प्रमुख गवते होत. त्यांत अधूनमधून बाभूळ, हिवर, बोर व तरवड दिसतात. चिंकारा, लांडगा, तरस व खोकड हे सस्तन प्राणी, तसेच धाविक, चंडोल, पखुर्डी इ. पक्षी येथे आढळतात. बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ मध्ये ५·१४ चौ. किमी. क्षेत्राचे मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. चिंकारा हे त्याचे वैशिष्ट्य होय. मात्र लांडग्यासारख्या प्राण्याचा वावर फार मोठ्या क्षेत्रात असल्याने त्याचे भवितव्य अभयारण्याबाहेरील कुरणे, पडीक जमिनी व शेते यांवर अवलंबून असते. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळरान या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

माळरान व शेती यांचा संबंध जुना आहे. धनगरांची मेंढरे माळावर चरतात आणि सुगीनंतर शेतात बसविली जातात. त्यांच्या लेंड्यांचे खत जमिनीला मिळते. खोकड उंदीर खातो, तर हिवाळी पाहुणे असलेले भोवत्या पक्षी नाकतोडे टिपतात. गवताच्या मुळांमुळे मातीची धूप रोखली जाते व पावसाचे पाणी जमिनीत मुरते.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या भागात आले. भोर तालुक्यातील भाटघर जलाशयात साठणाऱ्या या पाण्यावर ऊसशेती वाढली. म्हणजेच येथील बागायतीची भिस्त सह्याद्रीच्या वनाच्छादित पाणलोटावर आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयातून पाणी उपसून इंदापूर तालुक्यातही ऊस पसरला. अतिसिंचन व अपुरा निचरा यांमुळे कालव्याखालील काही जमिनी खारवट व चोपण झाल्या. दुसरीकडे, ‘पडीक’ समजल्या गेलेल्या माळांवर नांगरट, बांधकाम आणि वनीकरण यांचे आक्रमण झाले. गिरिपुष्पासारखी झाडे बांधावर हिरवळीच्या खतासाठी उपयुक्त असली, तरी माळावर दाट लावल्यास गवत सावलीत खुंटते व त्यावर जगणारे प्राणी निराधार होतात.

माळाला गवताळ प्रदेश म्हणून मान्यता देणे, पाळीपाळीने चराई, ठिबक सिंचन, निचऱ्याची सोय, बाजरी-ज्वारीसारखी कोरडवाहू पिके आणि लांडग्याने मारलेल्या मेंढरांची वेळेवर भरपाई हे येथील संवर्धनाचे मुख्य उपाय होत. त्यांपैकी अखेरचा विशेष महत्त्वाचा आहे. कारण लांडग्याला कायद्याचे संरक्षण असले, तरी मेंढपाळाचे नुकसान भरून निघाले नाही, तर ते संरक्षण माळावर टिकत नाही.