आंबा घाट, जुनी पिकअप आणि हवेचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्यांनी भरलेल्या पिकअप रत्नागिरीहून पाली, साखरप्यामार्गे आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात जातात. साखरपा मागे पडलं की चढ लागतो, गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि ती जुनी असेल तर चालकाचा एक डोळा रस्त्यावर नि दुसरा तापमानाच्या काट्यावर राहतो. बॉनेट उघडून वळणावर उभी असलेली एखादी पिकअप आणि शेजारी पाण्याचा कॅन, हे या मोसमातलं ओळखीचं दृश्य. अशा गाडीच्या मालकाला भेटेल तो एकच सल्ला देतो : मोठा रेडिएटर बसव. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. राहिलेला अर्धा भाग हवेचा आहे आणि खरी मेख तिथेच असते.

आधी थोडा हिशेब करू. डिझेल जळून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी ओढायच्या कामी येते, जवळपास तेवढीच सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेल्यातली बहुतेक सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरते. गाडी आणि माल मिळून तीन टन वजन धरा. शंभर मीटरला सहा मीटर चढ, वेग ताशी २५ किलोमीटर. नुसतं हे वजन वर चढवायला १२ किलोवॅट लागतात, टायरच्या घर्षणापोटी आणखी तीन जातात, थोडे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल खातात. म्हणजे इंजिनाला १६-१७ किलोवॅट द्यावे लागतात आणि साधारण तेवढीच उष्णता पाण्यात जमा होते. घरचा गीझर दोन किलोवॅटचा असतो. असे आठ गीझर एकदम चालू ठेवले, तर त्यांची जेवढी उष्णता होईल तेवढी बॉनेटखालून सतत बाहेर काढत राहायची.

ही उष्णता इंजिनाकडून रेडिएटरकडे न्यायला पाणी फारसं लागत नाही. रेडिएटरमधून जाताना पाणी सहा अंशांनी निवतं असं धरलं, तर सेकंदाला जेमतेम ६५० मिलिलिटर पाणी पुरतं. पण पुढे हीच उष्णता हवेच्या गळ्यात घालायची असते. हवा २५ अंशांनी तापते असं धरलं तरी सेकंदाला साडेपाचशे लिटरहून जास्त हवा लागते. शिवाय पाण्याकडून धातूकडे उष्णता जितक्या सहज जाते, तितक्या सहज ती धातूकडून हवेकडे जात नाही. कित्येक पटींनी संथ जाते. म्हणून तर नळ्यांच्या मधल्या जागेत नागमोडी पातळ पत्रे, म्हणजे फिन्स, ठासून भरलेल्या असतात. भिंग घेऊन पाहिलं तर प्रत्येक फिनवर बारीक तिरप्या चिरा दिसतात. पत्र्याला चिकटून राहणारा हवेचा सुस्त थर या चिरा ठिकठिकाणी तोडतात आणि ताज्या हवेला धातूपर्यंत पोचू देतात.

हे कोडं मोटारींइतकंच जुनं आहे. डाइमलर कंपनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी १९०१च्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात सहा मिलिमीटरच्या चौकोनी ८०७० नळ्या होत्या. नळ्यांमधून हवा जायची आणि त्यांच्या बाहेरून पाणी फिरायचं. हवेला भिडणारा पृष्ठभाग इतका वाढला की सोबत वागवायचं पाणी १८ लिटरांवरून नऊ लिटरांवर आलं. वेग कमी असतानाही हवा मिळावी म्हणून मागे एक पंखाही बसवला होता. सव्वाशे वर्षांनंतरही तत्त्व तेच आहे.

कोकणातल्या चालकाला एक गोष्ट पटकन पटणार नाही. एप्रिलमधल्या रत्नागिरीच्या ३४ अंशांत माणूस घामाने हैराण होतो, पण रेडिएटरला त्याचं काही नसतं. आपण घाम वाळवून गार होतो आणि दमट हवेत तो वाळत नाही. रेडिएटरमधून काहीच वाळत नाही, त्याला फक्त पाणी आणि हवा यांच्या तापमानांतला फरक कळतो. ९० अंशांचं पाणी आणि ३४ अंशांची हवा, यांत ५६ अंशांचं अंतर आहे. विदर्भात हवा ४४ अंशांवर गेली की अंतर उरतं ४६. गाडी तीच, पंखा तोच, आणि उष्णता टाकण्याची ताकद १८ टक्क्यांनी घटलेली. तिकडे कोरड्या हवेत डेझर्ट कूलर लावून माणूस सुखात झोपतो आणि बाहेर त्याच्या पिकअपचा जीव कासावीस झालेला असतो.

म्हणून सुट्या भागांच्या दुकानात जाण्याआधी गाडी नेमकी कुठे तापते, हे पाहावं. मार्केट यार्डाच्या रांगेत, इंजिन नुसतं चालू असताना काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर पाणी फिरतं आहे पण हवा कमी पडते आहे. अशा वेळी पंख्यावर संशय घ्यावा. उलट ताशी ७० किलोमीटरच्या वेगात काटा चढत असेल, तर समोरून भरपूर हवा येत असूनही उष्णता निघत नाही. मग रेडिएटरचा कोर, म्हणजे नळ्या आणि फिन्स यांचा गाभा, चोंदलेला आहे, पाण्याचा पंप दमला आहे किंवा रेडिएटर मुळातच कमी पडतो. घाटात दोन्ही दुखणी एकदम उघडी पडतात, कारण तिथे इंजिन पूर्ण जोरात असतं आणि वेग मात्र बैलगाडीचा. आणि थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर खर्चाची दिशाच वेगळी. तिथे बहुधा हेड गॅस्केट गेलेलं असतं आणि कितीही मोठा रेडिएटर आणला तरी ते दुरुस्त होत नाही.

हवेच्या वाटेत काय काय असतं, ते मालकांना पुष्कळदा दिसतच नाही. जाळीपुढे हौसेने बसवलेली दिव्यांची पट्टी, नंबरप्लेटचा मोठा पत्रा, भुसा आणि किडे यांनी बुजलेला एसीचा कंडेन्सर. पण सर्वांत महत्त्वाची वस्तू असते ती पंख्याभोवतीचं कडं. गॅरेजात त्याला काऊल म्हणतात. कधीतरी बेल्ट बदलताना अडचण झाली म्हणून ते काढून ठेवलेलं असतं आणि पुन्हा बसवलेलंच नसतं. काऊल नसेल तर पंखा स्वतःपुढच्या गोल तुकड्यातूनच हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात. शिवाय पात्यांच्या टोकांवरून गरम हवा वळून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच हवा घोळवत बसतो. काऊल असेल तर संपूर्ण कोरमधून हवा यावीच लागते. पाती निम्मी काऊलच्या आत आणि निम्मी बाहेर असावीत, टोकं आणि कडं यांत बोटभराहून जास्त फट नसावी. भंगारवाल्याकडून जुनं काऊल आणून बसवणं, हे मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत फायद्याचं काम वाटतं.

पंखा थेट पंपाच्या दांड्यावर असेल तर तो इंजिनाबरोबर फिरतो. पुष्कळ गाड्यांत मध्ये एक बशीसारखा भाग असतो, त्याला व्हिस्कस क्लच म्हणतात. त्याच्या तोंडावर घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पट्टी दिसते. दोन वेगवेगळ्या धातूंचे पत्रे जोडून ती केलेली असते आणि रेडिएटरमधून येणारी हवा तिला लागते. हवा तापली की दोन धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी पीळ घेते आणि आतली एक झडप उघडते. मग दाट सिलिकॉन तेल दोन खाचदार चकत्यांच्या मधल्या फटीत उतरतं, एक चकती दुसरीला ओढू लागते आणि पंखा जोर धरतो. हवा निवली की तेल परत जातं, पंखा सैल पडतो. ना तार, ना सेन्सर. वर्षांनुवर्षं हे तेल थोडं थोडं झिरपत जातं. बशीवर धूळ चिकटलेले तेलकट ओघळ दिसले आणि इंजिन चांगलं तापून बंद केल्यावरही पंखा हाताने गरगर फिरला, की क्लचचं आयुष्य संपलं समजावं.

हल्ली अशा गाडीला दोन इलेक्ट्रिक पंखे बसवायची टूम आहे. त्यामागचं गणित खोटं नाही. पंखा जितका जोरात फिरेल तितकी हवा वाढते, पण त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ८०० फेऱ्यांवरून इंजिन २४०० वर गेलं की थेट जोडलेला पंखा २७ पट शक्ती खातो. मोकळ्या रस्त्यावर त्या हवेची गरजही नसते. इलेक्ट्रिक पंखा गरज असेल तेव्हाच फिरतो, आणि इंजिन ८०० फेऱ्यांवर रेंगाळत असतानाही पूर्ण वेगाने फिरतो. मार्केट यार्डात आणि शहरातल्या सिग्नलवर तो सरस ठरतो यात शंकाच नाही.

घाटात मात्र चित्र उलटं होतं. दुसऱ्या गिअरवर इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर असतं आणि बेल्टवरचा पंखा ऐन भरात असतो. त्याच्या तोडीची हवा द्यायला दोन स्वस्त पंखे पुरत नाहीत. दोन पंख्यांचे मिळून २५ अँपिअर धरले, तर बारा व्होल्टला ३०० वॉट होतात. अल्टरनेटरमध्ये साधारण निम्मी शक्ती वाया जाते, म्हणून इंजिनाकडून सहाशेच्या आसपास वॉट घ्यावे लागतात. जुन्या पिकअपचा अल्टरनेटर हेडलाइट, टेप आणि पंखे हे सगळं एकदम पेलेल का, हे आधी तपासावं. जाड तार, प्रत्येक पंख्याला वेगळा रिले आणि फ्यूज, चांगलं अर्थिंग हवं. पंखा सुरू होताना काही क्षण त्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट ओढतो. बारीक तारेवर जोडलेला पंखा म्हणजे बॉनेटखाली आगीला आमंत्रण. आंबे वाहणाऱ्या गाडीला मी धडधाकट व्हिस्कस क्लच आणि पूर्ण काऊल यांच्यावरच ठेवीन; शहरात भाजी पोचवणाऱ्या गाडीला खुशाल इलेक्ट्रिक पंखे लावावेत.

आता रेडिएटर. जुन्या गाडीतला तांबं-पितळेचा असतो. तांबं ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त चांगलं उष्णतावाहक आहे, म्हणून तोच बरा असं जुने कारागीर सांगतात. पण नळीची भिंत मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी पातळ असते. तिथे धातू कोणता यानं फारसं बिघडत नाही, कारण सगळी अडवणूक पलीकडच्या हवेची आहे. ॲल्युमिनियमची खरी मजबुती सांध्यांत आहे. जुन्या रेडिएटरमध्ये पितळेच्या नळ्या आणि तांब्याच्या फिन्स मऊ झाळकामाने जोडलेल्या असतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत तो सांधा हिरवा पडून सुटतो आणि नळीला न चिकटलेली फिन नुसती शोभेची राहते. ॲल्युमिनियमचा कोर भट्टीत ब्रेझ करून एकसंध होतो, नळ्या रुंद करता येतात आणि वजनही उतरतं. मात्र चार ओळींचा जाडजूड कोर पाहून भाळू नये. पुढच्या ओळींनी तापवलेलीच हवा मागच्या ओळींना मिळते, आणि जाड कोरमधून हवा ओढायला पंखाही तसाच दमदार लागतो. जागा असेल तर जाडी वाढवण्यापेक्षा रुंदी-उंची वाढवावी.

ॲल्युमिनियम बसवलं की बोअरचं पाणी ओतण्याची सवय सोडावी लागते. जड पाण्यातला चुन्याचा क्षार तापलेल्या भागावरच आधी बसतो. एक मिलिमीटर क्षाराचा थर उष्णतेला साधारण अडीच सेंटिमीटर ओतीव लोखंडाइतका अडवतो. साध्या पाण्यात ॲल्युमिनियमला भोकंही पडतात. शुद्ध पाणी आणि कूलंट यांचं मिश्रणच वापरावं. त्यातलं ग्लायकॉल खरं तर पाण्यापेक्षा थोडी कमीच उष्णता वाहून नेतं. आपल्याकडे त्याचं मोल आहे ते उत्कलनबिंदू वाढण्यासाठी आणि त्यात मिसळलेल्या गंजरोधकांसाठी. झाकणाची स्प्रिंगही तपासावी. ०.९ बार दाब धरणारं झाकण असेल तर आत साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच झाकण घाटात गरम असताना उघडलं तर? ११५ अंशांच्या आठ लिटर पाण्यापैकी पाव लिटरहून कमी पाण्याची वाफ होते, पण तिचं आकारमान साडेतीनशे लिटरच्या पुढे जातं, आणि ती सगळी झाकणाच्या तोंडातून चेहऱ्यावर येते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा घरगुती उपाय महाराष्ट्रभर चालतो. त्याच्या आतलं मेण ८२ अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि झडप ढकलून रेडिएटरची वाट उघडतं. ती झडप अडकली तर गाडी तापते, हे खरं. पण वाट उघडताना हीच झडप बऱ्याच इंजिनांत दुसरी आडवाट बंद करत असते. थर्मोस्टॅटच नसेल तर ती आडवाट उघडी राहते आणि काही गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततं. सपाटीवर इंजिन थंड राहून डिझेल जास्त पितं, झिजतं, आणि घाटात तरीही तापतंच. ‘पाणी फार वेगाने गेलं की निवत नाही’ हा समजही चुकीचा आहे. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच निघते.

एवढा खर्च करणाऱ्याने आणखी एक स्वस्त वस्तू बसवून घ्यावी : कूलंटची पातळी घटली की वाजणारा बझर. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. होज पाइप फुटून पाणी वाहून गेलं की सेन्सर उघडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी बऱ्याचदा खाली येतो, नेमका हेड वाकण्याच्या वेळी. बझरची कांडी रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा एक्स्पान्शन टाकीत बसते. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा कुणीही ती बसवून देतो.