उवांची माशीवरून सफर

उवेला पंख नसतात, उडीही मारता येत नाही. मग एका पारव्यावरची ऊ दुसऱ्या पारव्यावर पोहोचते कशी? पक्षी एकमेकांना खेटून बसले किंवा पिल्ले आईबापांच्या उबेत असली, की ती सरळ चालत जाते. ही संधी मात्र नेहमी मिळत नाही आणि पक्ष्यापासून दूर पडलेली ऊ काही दिवसांतच मरते. काही उवांनी यावर तोड काढली आहे. त्या माशीला धरून प्रवास करतात.

ही माशी म्हणजे पारव्यांच्या पिसांत राहणारी, रक्त शोषणारी चपटी 'स्युडोलिंचिया'. ती एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर सहज उडत जाते. दुसऱ्या जीवाचा असा केवळ वाहन म्हणून उपयोग करण्याला शास्त्रज्ञ 'फोरेसी' म्हणतात.

पारव्यावर प्रामुख्याने दोन प्रकारच्या उवा आढळतात. पंखांवरची ऊ लांबट असते. पक्षी चोचीने पिसे साफ करू लागला, की ती पिसांच्या तंतूंमधल्या फटीत लपते. अंगावरची ऊ गोलसर असते आणि मऊ पिसांत दडते. दोघींचे खाद्य एकच, पिसांचा मऊ भाग. त्यामुळे त्यांच्यात स्पर्धा असते आणि तिच्यात पंखांवरची ऊ मागे पडते.

अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी या दोघींचा प्रवास तपासला. माशी चालताना, अंग साफ करताना आणि उडतानाही पंखांवरची ऊ तिला घट्ट धरून राहते. अंगावरच्या उवेला ते जमत नाही. म्हणजे घरच्या स्पर्धेत हरणारी ऊ नवे घर गाठण्यात मात्र जिंकते. म्हणूनच दोघीही टिकून आहेत.

पारव्याला हे पाहुणे महागात पडतात. उवा वाढल्या, की पिसे विरळ होतात आणि थंडीत ऊब कमी पडते. शिवाय हीच माशी चावताना 'हिमोप्रोटियस' हा मलेरियाच्या जंतूचा भाऊबंद पारव्याच्या रक्तात सोडते. एकाच फेरीत पायाशी ऊ आणि लाळेत रोगजंतू, असे दोन प्रवासी ती नेऊ शकते.

खिडकीत पारव्यांचे घरटे असेल, तर ही माशी क्वचित माणसालाही चावते. मात्र पारव्यांच्या उवा माणसावर वस्ती करत नाहीत आणि हिमोप्रोटियसचा संसर्गही माणसाला होत नाही.