सांधा आधी, पोलाद नंतर

मातीकामाच्या यंत्रांचे आढावे बहुधा इंजिनापाशी सुरू होतात आणि हायड्रॉलिक्सपाशी संपतात. जमिनीला प्रत्यक्ष भिडतो तो तुकडा राहूनच जातो. यंत्राची सगळी ताकद बोटभर जाडीच्या धारेतून मातीत उतरते, आणि ती धार झिजण्यासाठीच घडवलेली असते. ती कशी झिजावी, बदलायला किती वेळ लागावा आणि टाकून देताना तिच्यात किती पोलाद वाया जावे, हे तीन प्रश्न मी नोकरीभर विचारत आलो.

जुना इतिहास भराभर सांगतो. जे. डी. अॅडम्स यांचा कलत्या चाकांचा ग्रेडर 1885 चा. 1923 मध्ये कॅन्सासमधल्या मॉरोव्हिल गावी कमिंग्ज आणि मॅक्लिऑड यांनी ट्रॅक्टरपुढे पाते बसवले आणि डोझर जन्मला. 1928 मध्ये कॅटरपिलरने रसेल ग्रेडर कंपनी घेतली, 1931 मध्ये 'ऑटो पॅट्रोल' आला. या काळातली पक्की शिकवण एकच: मोल्डबोर्ड, म्हणजे ग्रेडरचे वक्र पाते, कधी झिजू द्यायचा नाही, त्याच्या खाली बोल्टने धार लावायची आणि ती झिजवायची. चौकोनी मानेचे, डोके धारेत बुडणारे प्लाऊ बोल्ट आजही तेच आहेत. डोझरच्या पात्याचे कोपरे आधी जातात म्हणून एंड बिट वेगळे केले, आणि मधली धार उलटवून दुसऱ्या बाजूने वापरता यावी म्हणून तिला दोन कडा दिल्या.

मग आले पोलादवाले. यांच्याशी माझे कधी जमले नाही. रॉबर्ट हॅडफील्डने 1882 मध्ये शेफील्डला मँगनीज पोलाद काढले, सुमारे 12-13 टक्के मँगनीजचे. मार बसला की त्याचा पृष्ठभाग कठीण होतो, त्यामुळे क्रशरच्या जबड्यात ते अप्रतिम चालते. ग्रेडरच्या धारेला मात्र मार बसत नाही, तिला वाळू घासत राहते. मार नाही तर कठीणपणाही नाही, आणि धार वितळल्यासारखी जाते. एवढे साधे कारण असूनही 'मँगनीजचे लावा' हा सल्ला मी निवृत्तीपर्यंत ऐकला. आजच्या चांगल्या धारा बोरॉन पोलादाच्या असतात. टक्क्याच्या काही हजाराव्या भागाएवढे बोरॉनसुद्धा जाड तुकडा आतपर्यंत कडक व्हायला पुरते. तरी कठीणतेचा ब्रिनेल आकडा पाहून धार निवडणाऱ्यांनी पायाखालची जमीन पाहिलेली नसते. वाळूतला क्वार्ट्झ कडक केलेल्या पोलादाहूनही कठीण आहे. संगमनेरच्या मुरुमात जी धार आरामात टिकते, तीच भंडाऱ्याच्या रेताड जमिनीत किंवा सिंधुदुर्गाच्या सिलिका वाळूच्या पट्ट्यात बघता बघता संपते. गोव्याच्या जांभ्याचा हिशेब आणखी निराळा.

क्वार्ट्झला उत्तर टंगस्टन कार्बाइड. ऑस्रामच्या कार्ल श्रोटर यांचे पेटंट 1923 चे, आणि 1927 च्या लाइपझिग प्रदर्शनात क्रुपने ते बाजारात आणले. त्यात कोबाल्ट वाढवले की चिवटपणा येतो, कमी केले की झीज कमी होते पण टवके उडतात. लेथवर कामगाराने ते केव्हाच आपलेसे केले. रस्त्यावर यायला त्याला पुष्कळ वर्षे लागली, आणि ते आले ते माझ्या लाडक्या रूपात, म्हणजे ग्रेडरच्या सुट्या बिटांच्या रूपात.

रचना पाहण्यासारखी आहे. मोल्डबोर्डला नेहमीच्या धारेऐवजी एक जाड पट्टी बोल्टने बसते. पट्टीत भोकांची रांग, प्रत्येक भोकात गोल दांड्याचा एक बिट, त्याच्या शंकूसारख्या टोकाला कार्बाइडचा खडा. बिट थोडा तिरका बसवलेला असतो, त्यामुळे माती घासून जाताना तो स्वतःभोवती फिरतो, चहूबाजूंनी सारखा झिजतो आणि टोकदारच राहतो. सगळा भार अरुंद टोकांवर येत असल्याने घट्ट बसलेला मुरुमाचा थरही फुटतो. रस्त्यावरच्या लाटा अखंड धार नुसत्या वरून तासते. बिट त्यांच्या तळापर्यंत जाऊन माती सैल करतात आणि मागे खवलेला पृष्ठभाग ठेवतात. त्यावर टाकलेला नवा मुरुम धरून राहतो.

माझ्यासाठी मुख्य फायदा बदलण्यातला. चौदा फुटी मोल्डबोर्डाला सात-सात फुटांच्या दोन धारा लागतात. रस्त्याच्या कामात मध्यभाग आधी जातो आणि दोन्ही टोकांचे धडधाकट पोलाद भंगारात निघते. बिटांचे तसे नाही. मधले अर्धे झिजलेले बिट कडेला आणि कडेचे मध्ये लावता येतात. एखादा तुटला तर मागून ठोकून तेवढाच काढायचा. हे काम ऑपरेटर एकटा, जागेवर, वर्कशॉपची गाडी न बोलावता करू शकतो.

अडचणी होत्याच. काळ्या मातीचा गारा भोकात बसला की बिट फिरायचा थांबतो आणि एका अंगाने सपाट होतो. संध्याकाळी सगळे बिट हाताने फिरवून पाहायची शिस्त लावावी लागते. उघड्या पाषाणावर वेगाने गेलात तर खडा तडकतो. थंड होताना पोलाद कार्बाइडच्या जवळजवळ दुप्पट आकसते, म्हणून ब्रेझिंगमध्ये ताण झेलणारा तांब्याचा मऊ थर लागतो, आणि स्वस्त बिटांत नेमका तोच वगळलेला असतो. या गोष्टी सांभाळल्या तर पद्धत उत्तम चालते. 'पहिला खर्च फार' म्हणत ज्यांनी ती आपल्याकडे रुजू दिली नाही, त्यांच्या हिशेबात उभा ग्रेडर, त्याच्यामागे खोळंबलेला रोलर आणि पाण्याचा टँकर कधीच आला नाही.

पोकलेन-जेसीबीच्या दातांतही मला सांधाच महत्त्वाचा वाटतो. बकेटला वेल्ड केलेला अडॅप्टर, त्याच्या नाकावर बसणारा दात आणि दोघांना धरणारी पिन. कॅटरपिलरच्या जे-सिरीज दातांची आडवी पिन घण घालून काढावी लागते. मराठवाड्यातल्या एका धरणाच्या कामावर पिनेची कपची उडून आमच्या एका फिटरचा डोळा गेला. गॉगल द्यायचा असतो हे त्या कंत्राटदाराला माहीत नव्हते असे नाही. तेव्हापासून अर्ध्या वळशात सुटणाऱ्या, घणाची गरज नसलेल्या कुलपांची बाजू मी प्रत्येक बैठकीत मांडली. अशी कुलपे आज बड्या कंपन्यांकडे आहेत. आपल्या बहुतेक साइटवर मात्र अजून घणच चालतो.

हल्लीची कामे पाहिली की वाईट वाटते. दात नाकापर्यंत झिजू देतात, मग अडॅप्टरच झिजतो, त्यावर बसवलेला नवा दात खुळखुळतो आणि गळून पडतो. खाणीत असा दात दगडाबरोबर क्रशरमध्ये गेला की सगळा प्लांट बंद. फिटर नावाचा माणूस पूर्वी रोज सकाळी बोल्ट आवळायचा. नवी धार लावल्यावर काही तासांनी बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, नाहीतर भोके लांबट होतात, हे त्याला सांगावे लागत नसे. ते पदच आता कंत्राटात उरलेले नाही.

निविदांत आजही दाताची कठीणता आणि किलोचा भाव एवढेच विचारले जाते. टाकून देताना मूळ वजनाचा किती भाग शिल्लक राहतो, कुलूप घणाशिवाय सुटते का, नाकाचे माप गेजला बसते का, हे कुणी विचारत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या असल्या दातांहून अवघड ओतकाम रोज करतात. त्यांना टॉलरन्ससह नाकाचे ड्रॉइंग द्या, तपासायला गेज द्या, आणि गेजला न बसणारा माल परत पाठवा.