सर गेले, सराव सोडू नका!

नागपूरची थंडी, सकाळचे सहा. स्टिक घेऊन ग्राउंडवर पोहोचता आणि ग्रुपवर मेसेज येतो: सर आजपासून येणार नाहीत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर, गोलकीपर नवा, पेनल्टी कॉर्नरची सगळी आखणी सरांच्याच डोक्यात. राग येणारच ना!

पण हे भारतीय संघालाही चुकलेलं नाही. मार्च २००८ मध्ये चिलीत ब्रिटनकडून ०-२ हरल्यानं बीजिंग ऑलिम्पिक हुकलं आणि मुंबईकर प्रशिक्षक जोकिम कार्व्हालोंनी राजीनामा दिला. २०१४ मध्ये तर इंचॉनला एशियाड सुवर्ण जिंकून देणारे टेरी वॉल्श काही आठवड्यांतच गेले. संघ थांबला नाही. २०१६ मध्ये लंडनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत त्यानं रौप्यपदक मिळवलं.

म्हणून आज एवढं करा. सरांचे ड्रिल्स आठवतील तसे वहीत उतरवा. वॉर्मअप सीनियर्सकडे द्या. कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांना भेटून स्पर्धेपर्यंत कोण शिकवणार, ते विचारा. आणि सरांना फोन नक्की करा. 'का गेलात?' हे नंतर. आधी विचारा, 'सर, कॉर्नरला कोणाला उभं करू?'

उद्या सहाला भेटूच, ग्राउंडवर!